मधल्या सहा नोंदी

रंगाऱ्यांनी पुराच्या पातळीची निळी रेघ गल्लीच्या तोंडापर्यंत आणली आणि तिथे थांबवली. नदीकाठच्या रस्त्याला चढ होता, त्यामुळे घरांच्या भिंतींवर आधी गुडघ्याशी असलेली रेघ हळूहळू घोट्याशी आली होती आणि गल्लीच्या कोपऱ्यावर अगदी जमिनीला टेकली होती. म्हातारा रंगारी डबा घेऊन गल्लीचं तोंड ओलांडून पलीकडे गेला, तिथल्या भिंतीवरची खडूची खूण वाकून शोधली आणि जणू मध्ये काहीच नव्हतं अशा थाटात त्यानं रेघ पुन्हा सुरू केली. गल्लीतल्या आईच्या घरून निघून एक तरुण बाई विद्यापीठात चालली होती. ती तिथेच थांबली.

"आत नाही ओढायची?"

"आत नाही."

"का?"

"कागदावर नाही म्हणून."

"अहो, पण गल्ली उतरती आहे. इथे रेघ जमिनीला टेकलीय आणि दोन पावलांवर जमीन तिच्याखाली गेलीय. दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की. डोळे आहेत." म्हाताऱ्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "पण पाण्याला कागद वाचता येत असेल. बघेल आणि माघारी जाईल."

त्याचा जोडीदार मोठ्यानं हसला. "बाई, आम्ही रंगारी. मोजलंय विद्यापीठातल्या लोकांनी. त्यांना विचारा जाऊन."

तिला एकदम इतका राग आला की तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली ते तिला कळलंच नाही. गेली बारा वर्षं ती त्याच विद्यापीठात, त्याच भूगोल विभागात होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना नकाशे शिकवत होती आणि नदीच्या पुरावरचा तिचा प्रबंध महिन्यापूर्वी परीक्षकांकडे गेला होता. रेघ म्हणजे काय हे तिला या दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. रेघेच्या आत येणाऱ्या घरांची यादी नगर कार्यालयात लागणार होती. पाणी चढायला लागलं की भोंगा त्या घरांसाठी वाजणार, गाड्या त्या घरांसमोर उभ्या राहणार. ज्यांच्या भिंतीवर रेघ नाही त्यांना उठवायला कुणी येणार नाही. गल्लीत तेवीस घरं होती आणि आईचं घर त्यातल्या सगळ्यात खोलगट जागी होतं.

आई तेवढ्यात ओले हात पुसत गल्लीतून वर आली. विद्यापीठाच्या वसतिगृहांचे कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं तिचं काम चाळीस वर्षांचं, त्यामुळे तिचे हात पुसले तरी ओलेच दिसत.

"आपल्याकडे नाही ना ओढणार?" तिनं रंगाऱ्याला विचारलं.

"नाही, मावशी. तुम्ही सुटलात."

"सुटले गं बाई!" आई मुलीकडे वळून म्हणाली. "रेघेतल्या घराला वर मजला चढवू देत नाहीत म्हणे. आता माझी वरची खोली होते बघ. कपडे वाळवायला छपराखाली जागा मिळाली की मी राणी."

"आई, पाणी येईल."

"येऊ दे. मी काय आज बघतेय पाणी?"

ती पिशवी खांद्यावर चढवून पुलाकडे चालायला लागली. पूल जुना होता, गावाच्या तटबंदीच्या वेळचा, आणि त्याच्या प्रत्येक कमानीवर एकेक पर्यटक फोटो काढत उभा होता. त्यांच्यावरही तिला राग आला. या लोकांना गाव म्हणजे पूल, वेशीचा दरवाजा आणि घंटेचा मनोरा. गावाला खालची बाजू असते हे त्यांच्या घडीच्या नकाशात नव्हतं आणि आता ते विद्यापीठाच्या नकाशातही नव्हतं. तिला नऊ वर्षांची ती स्वतः आठवली. त्या साली नदी रस्त्यावर चढलीच नव्हती. वरच्या आळीतले लोक कठड्याशी उभे राहून, अजून हातभर खाली आहे, असं एकमेकांना सांगत होते, आणि गल्लीत पाणी जमिनीतून वर आलं होतं. गटाराच्या झाकणातून, न्हाणीच्या भोकातून, अजिबात आवाज न करता, सभ्य म्हणावं इतक्या शांतपणे. आईनं तिला इस्त्रीच्या टेबलावर उभं केलं होतं आणि वसतिगृहाच्या चादरींची बोचकी एकेक करून फळीवर चढवली होती. आधी चादरी. पाणी आईच्या कमरेच्या वर गेलं तरी ती चादरीच चढवत होती, आणि टेबलावर उभ्या असलेल्या मुलीला वाटलं होतं की आपला नंबर सगळ्यात शेवटी आहे. वरच्या आळीतल्या कुणालाही संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. का कळेल? नदी तर हातभर खालीच होती.

फक्त एकदा गल्लीत पाऊल टाकलं असतं तरी हे सगळं ज्याला सहज कळलं असतं, असा तो कोण मोजणारा, त्याचं तोंड तिला बघायचं होतं. असेल कुणीतरी आळशी पोर. उन्हाला कंटाळलं असेल, कोपऱ्यावर उभं राहून वरचं टोक बघितलं असेल, खालचं टोक बघितलं असेल आणि मधलं सगळं मनानं भरलं असेल. पहिल्या वर्षाची मुलं हे करतात. ती दरवर्षी अशा दोघातिघांना पकडायची आणि वह्या त्यांच्यासमोर टेबलावर आपटायची. दोन टोकांच्या उंचीवरून मधली उंची काढता येते, पण जमीन दोन टोकांमध्ये सरळ जाते असं तुम्हाला कोणी सांगितलं, असं ती विचारायची. तिचा आवाज बारीक होता, पण मुलं तिला घाबरून असत.

विभागाच्या जिन्यावर पोचेपर्यंत तिनं त्या पोराला मनातल्या मनात तीनदा नापास केलं होतं.

विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसते सर म्हणत आणि ज्यांच्या हाताखाली तिनं पदवीपासून प्रबंधापर्यंत सगळं केलं होतं, ते खिडकीशी उभे राहून फळ कापत होते.

"ये. बस. चेहरा असा का?"

"सर, पुराचा नकाशा. आमच्या... त्या नदीकाठच्या गल्लीत रेघ नाही. ती गल्ली खोलगट आहे. तिथे कुणी मोजलं?"

"कोणती? कपडेवाल्यांची?" सरांनी सुरी ठेवली. "अगं, तूच की!"

"मी?"

"मग? नगर कार्यालयानं दोन महिन्यांत नकाशा मागितला, सगळं गाव पुन्हा मोजायला माणसं कुठून आणू? मुलांच्या क्षेत्रकार्याच्या वह्या होत्या अकरा वर्षांच्या, त्यातल्या चांगल्या तेवढ्या निवडल्या." ते कपाटाकडे गेले आणि त्यांनी न शोधता एक तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. "ही तर मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवतो. वही कशी असावी, तर अशी. खाडाखोड नाही, आणि सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन हिशेब जुळवल्यावर फरक किती? चार मिलिमीटर! असा जुळवणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही."

अक्षर तिचंच होतं. सातवं पान. गल्लीचं वरचं टोक, गल्लीचं खालचं टोक, आणि मध्ये सहा नोंदी, एकाखाली एक, तिच्या टोकदार पेन्सिलीनं लिहिलेल्या, इतक्या नीटनेटक्या की तिला बघवेना.

दुसऱ्या वर्षाला होती ती. क्षेत्रकार्याला प्रत्येक जोडीला गावाचा एक तुकडा वाटून दिला होता: एकानं तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्यानं उभी मोजपट्टी धरायची. नदीकाठचा तुकडा दुसऱ्या कुणाला मिळण्याआधीच तिनं हात वर केला होता. मी घेते, मला माहितीचा आहे. सरांना तो उत्साह वाटला. तिची जोडीदारीण वसतिगृहात राहणारी, कायम मोठी गवती टोपी घालणारी, म्हणून सगळे तिला टोपी म्हणत. टोपी चांगली मुलगी होती, हाच घोळ होता. टोपीच्या चादरीवर आणि सदऱ्यांच्या कॉलरमध्ये काळ्या न पुसणाऱ्या शाईनं एकशे सहा हा आकडा घातलेला होता, आणि धुलाईच्या खुणेचा तो आकडा आईच्या हातचा होता. त्या दिवशी ऊन लख्ख होतं. गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर वसतिगृह वाळत असणार, एकशे सहा त्यात कुठेतरी असणार, आणि त्याखालून टोपी मोजपट्टी घेऊन चालणार. आई दारात येऊन सगळ्यांसमोर हाक मारणार आणि म्हणणार, मैत्रिणीला आत आण, पाणी दे तिला. वर्गात तिनं पत्ता मावशीचा दिला होता, वरच्या आळीतला.

"आपण वरून फिरून जाऊ," ती टोपीला म्हणाली होती. "गल्लीत काही नाही. मी भरते मधलं."

"तुझा एरिया, तुला माहिती," टोपी म्हणाली, आणि दोघी तटबंदीला वळसा घालून खालच्या टोकाला गेल्या. दोन्ही टोकांच्या नोंदी खऱ्या होत्या. मधल्या सहा तिनं रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिल्या. वरचं टोक उंच, नदीकाठचं खालचं टोक थोडं कमी. मध्ये सारखा उतार. पण उतार अगदी सारखा आला तर संशय येईल म्हणून एका नोंदीत तीन सेंटिमीटर वाढवले, एका नोंदीत दोन कमी केले. जमीन खरी वाटावी एवढी वाकडी केली. खरी जमीन तिथे मीटरभर खाली होती आणि ते तिला माहीत होतं, गावात दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. टेबलावर उभं राहून तिनं ते बघितलं होतं. तरी खरी खोली तिनं लिहिली नाही. खोली लिहिली तर सर विचारणार, एवढा खोलगट भाग कसा, चला बघू. आणि सगळा वर्ग गल्लीत येणार.

"सर," ती म्हणाली, "या सहा मी मोजल्या नाहीत."

सर फळाची फोड तोंडात घालता घालता थांबले. मग जाऊन त्यांनी दार लोटलं.

"काय म्हणालीस ते मी ऐकलं नाही."

"बसून लिहिल्या. सहाच्या सहा."

"मुलं काय काय भरतात, तुला वाटतं मला ठाऊक नाही?" सर अगदी मायेनं म्हणाले. "तीस वर्षं वह्या तपासतोय. तुझी तशी नसेल असं वाटलं, म्हणून तर तुझी घेतली."

"ठाऊक होतं तर तपासलं का नाही? पुलावरून दहा मिनिटांवर आहे ती गल्ली! एकदा चालत गेला असतात तर पायांनीच सांगितलं असतं, सर, उतार आहे की खड्डा आहे ते!"

"आवाज खाली." ते बसले. "हे बघ. पाच वर्षांनी फेरमोजणी आहे. त्यात आपण गुपचूप दुरुस्त करू. तुझा प्रबंध बाहेर आहे. परीक्षकांचा निकाल अजून यायचाय. पदवीच्या कामात खोटं लिहिलं असं तू लेखी दिलंस तर पदवीचं काय होतं, आणि ती गेली तर पुढचं सगळं कशावर उभं राहतं, ते मी सांगायला नको. मी तुझ्या भल्याचं बोलतोय."

"पाच वर्षांत पाणी आलं तर?"

"अकरा वर्षांत आलंय का?"

ती उठली. दाराशी जाऊन परत आली आणि टेबलावरची वही उचलून पिशवीत टाकली. "ही विभागाची आहे," सर म्हणाले. "माझी आहे," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की इतका वेळ ज्या पोराला ती नापास करत होती त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. त्याचं तोंड सापडल्यावर तर तो जास्तच चढला होता. सरांवरही होता, आणि सर त्याला पुरेपूर लायक होते; पण सरांवर रागावणं सोपं होतं आणि त्यातल्या सोपेपणाचीच तिला शिसारी आली. टोपीवर रागावून बघितलं. का नाही विचारलंस, एवढीशी गल्ली चालायला काय झालं होतं? टोपीनं नुसता विश्वास ठेवला होता. आईवर रागावून बघितलं. चादरी आधी का? ते मात्र जमलं, ते इतकी वर्षं जमत आलं होतं. विभागाच्या भांडारातून तिनं तिपाई, दुर्बीण आणि मोजपट्टी सही करून घेतली आणि भर दुपारी, सगळं सामान अंगावर लादून, पूल ओलांडला.

आई इस्त्री करत होती. मुलीनं उभ्यानंच सांगितलं: रेघ का आली नाही, सहा नोंदी, टोपी, वळसा. आईची इस्त्री एका उशीच्या अभ्र्यावर पुढे-मागे फिरत राहिली.

"म्हणजे माझ्या दोऱ्या दिसू नयेत म्हणून?"

"हो."

"ती एकशे सहावाली?"

"तुला आठवतं?"

"मला सगळे नंबर आठवतात." आईनं इस्त्री उभी केली. "अगं, त्या सगळ्यांच्या चादरी मी धुतल्यात. कसले कसले डाग असतात ते मला विचार. शिकलेली पोरं ती, एकाला माझ्यासमोर मान वर करून बघायची सोय नव्हती. लाजायचं त्यांनी. आणि लाजत तू होतीस?"

तिनं खांद्यावरची तिपाई खाली टेकवली.

"आणि आता अकरा वर्षांनी आली आहेस रेघ घेऊन. कशाला? तुझं मन हलकं व्हावं म्हणून? माझी खोली जाईल. तुझं शिक्षण जाईल. मी या हातांनी..." आई थांबली. रडणं हा तिचा स्वभाव नव्हता. तिनं अभ्र्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "नको देऊ लिहून. पाणी आलं तर मी बघेन. मागच्या वेळी कोण बघत होतं?"

"मागच्या वेळी तू पन्नाशीचीसुद्धा नव्हतीस! आणि आधी चादरी चढवत होतीस!"

"तू टेबलावर होतीस!" आई ओरडली. "टेबल भिंतीला ठोकलेलं आहे, हलत नाही, म्हणून तुला त्यावर ठेवलं! चादरी खाली तरंगायला लागल्या असत्या तर पायात आल्या असत्या माझ्या, तुला घेऊन दारापर्यंत पोचले नसते मी! एवढा भूगोल शिकलीस आणि एवढं कळलं नाही?"

शेजारच्या बायका दारात आल्या होत्या. ती गल्लीत गेली. तिपाई उघडून तिनं पाय घट्ट रोवले, दुर्बीण बसवली, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्ये आणला. बुडबुडा दोनदा निसटला. मग तिच्या लक्षात आलं की मोजपट्टी धरायला कुणी नाही. एकट्या माणसाला जमीन मोजता येत नाही. तिनं वर बघितलं तर आई येत होती. तिनं मोजपट्टी उचलली आणि कोपऱ्यावर, निळी रेघ जिथे टेकली होती तिथे, जाऊन उभी केली. दोऱ्यांच्या काठ्या जन्मभर उभ्या केलेली बाई. मोजपट्टी इतकी सरळ धरलेली तिनं विभागात कधी बघितली नव्हती. आई तिच्याकडे बघत मात्र नव्हती. सहाही जागांवर ती तशीच उभी राहिली, ओल्या सदऱ्यांखाली, चेहरा दगडासारखा, आणि शेवटची जागा स्वतःच्या उंबऱ्याची आली तेव्हा फक्त म्हणाली, "किती?"

"रेघेच्या खाली. एक मीटर बारा."

आईनं आपल्या अंगावर हात धरून ते माप बघितलं. मोजपट्टी भिंतीला टेकवून आत गेली आणि इस्त्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नगर कार्यालयात अर्ज घेणारी बाई चष्मा डोक्यावर सरकवून बसली होती. तिनं पत्र वाचलं. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. पत्र लहान होतं: गल्लीतल्या मधल्या सहा नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत, त्या मी घरी बसून लिहिल्या, त्यामुळे तेवीस घरं यादीतून सुटली आहेत. खाली आज घेतलेल्या सहा नोंदी आणि तिची सही. मूळ वही सोबत जोडली होती.

"तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

"माझ्याविरुद्ध."

"असं घेता येत नाही. अर्ज करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तो, एकच माणूस कसा?" बाईनं आवाज खाली आणला. "तुम्ही विद्यापीठातल्या ना? माझा भाचा तुमच्या वर्गात होता. घरी जा. दोन दिवस विचार करा. हे एकदा नोंदवलं की मला फाडता येत नाही."

इथेही माया. सकाळपासून प्रत्येक जण तिच्यावर माया करत होता, आणि त्या प्रत्येक मायेत तेवीस घरं बुडत होती. "नोंदवा," ती म्हणाली. ते तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं आलं, कारण मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. "मी खोटं लिहिलंय. त्याच्यासाठी रकाना नसेल तर समासात लिहा."

बाईनं लिहिलं. शिक्का मारला. मग तिनं पत्राच्या खालच्या भागावर, नव्या नोंदींवर बोट ठेवलं. तिच्या आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता.

"बाई, एक विचारू? आधीचे आकडे तुमचेच, खोटे. हेही तुमचेच. मग हे आम्ही खरे कसे धरायचे?"

राग सवयीनं वर आला. घशापर्यंत आला, आणि तिथे त्याला कुणी सापडलं नाही. सर नाहीत, टोपी नाही, आई नाही, ही समोरची बाई तर नाहीच. तिनं पेन मागून घेतलं आणि दुपारभर उन्हात उभं राहून घेतलेल्या सहा खऱ्या नोंदींवर, नीटपणे, पट्टी न लावता, एक आडवी रेघ मारली.

"धरू नका," ती म्हणाली. "तुमचा माणूस पाठवा. त्याला मोजू दे. मी लांब उभी राहीन."